दारू सुटल्यानंतरची हाडे

1930 सालच्या मे महिन्यात, गांधीजींच्या अटकेने प्रक्षुब्ध झालेला सोलापूरचा जमाव रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडावयास गेला, त्यातून गोळीबार झाला, शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला आणि पुढील जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर चढले, हा इतिहास येथील शाळकरी मुलासही ठाऊक असतो. मादक पेयांशी सोलापूरचे वैर असे जुने आहे; सख्यही, दुर्दैवाने, तितकेच जुने. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतील हातभट्ट्या मोडून तेथील कुटुंबांस अन्य धंद्यास लावण्यासाठी ग्रामीण पोलिसांना 2021 साली ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घ्यावे लागले, म्हणजे नव्वद वर्षांनंतरही हे प्रकरण दफ्तरदाखल झालेले नव्हतेच.

परंतु भट्टी विझली आणि पिणाऱ्याने निश्चयपूर्वक पेला खाली ठेवला, तरी त्याच्या देहातील एक बाब बहुधा कोणाच्याच तपासणीत येत नाही. यकृताची चौकशी होते, झोपेची होते, संसाराचीही होते. हाडांची मात्र होत नाही, कारण ठिसूळ होत चाललेले हाड मोडेपर्यंत सहसा दुखत नाही.

जिवंत हाड आयुष्यभर थोडेथोडे पोखरले जाते व पुन्हा भरले जाते. पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. मद्यार्क भरणाऱ्या पेशींना निस्तेज करतो आणि पोखरणाऱ्यांचे काम अव्याहत चालू राहते. रस्ता खोदणारी टोळी रोज हजर आणि बुजवणारी बेपत्ता, हा अनुभव सोलापूरकरांस निराळा समजावून सांगावयास नको. त्यातच मॅग्नेशियम मूत्रावाटे निघून जाते, जीर्ण यकृताकडून ड जीवनसत्त्वावरील संस्कार नीट होत नाहीत, पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन घटते, जेवणाची आबाळ होते, आणि विडी-तंबाखूची सोबत असतेच.

समाधानाची गोष्ट ही की दारू बंद झाल्यावर काही आठवड्यांतच अस्थिनिर्मितीच्या रक्तातील खुणा, विशेषतः ऑस्टिओकॅल्सिन, वर चढू लागतात. मागील थकबाकी मात्र इतक्या लवकर फिटत नाही. तिला वर्षे लागतात, आणि काही वेळा ती पुरती फिटतही नाही. नेमक्या याच मुदतीत मनुष्य यंत्रमागावर किंवा मार्केट यार्डातील हमालीवर पुन्हा रुजू होतो, घरच्यांस तो पूर्ववत झालेला दिसतो, आणि पोते उचलताना त्याचा मणका दबतो. दारू सोडतानाच्या पहिल्या दिवसांत झटके आले असतील, तर मणका त्याआधीच दुखावलेला असण्याचाही संभव असतो.

आहाराविषयी एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा आम्हांस अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. परंतु शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर ज्वारीत त्याचा दहावा हिस्सादेखील नसतो. प्रौढ माणसाची रोजची गरज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली 1000 मिलिग्रॅम ठरविली. ती निव्वळ भाकरी-चटणीवर भागणारी नव्हे. भाकरीला तीळ लावावेत, दूध-दह्यास रोज स्थान द्यावे, नाचणीशी ओळख वाढवावी. ड जीवनसत्त्वाचे म्हणाल, तर चाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या या शहरातही ते कमी पडू शकते, कारण दिवसभर मागाच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर ऊन पडतेच कुठे? गोळ्या घ्यावयाच्या त्या मात्र रक्त तपासून, वैद्यकीय सल्ल्याने. शेजाऱ्याच्या शिफारशीने नव्हे.

सर्वांत दुर्लक्षित दुखणे खुब्याचे. अति मद्यपानाने मांडीच्या हाडाच्या गोलाकार टोकाचा रक्तपुरवठा खुंटून तेथील अस्थी मृत होऊ शकते. ऐन तिशी-चाळिशीतल्या माणसास डॉक्टर ‘बॉल खराब झाला आहे’ असे सांगतात ते हेच, आणि दारू सुटून काळ लोटल्यावरही ते उघडकीस येते. आरंभी जांघेत कळ येते, चालताना पाय किंचित ओढला जातो, आणि घरात त्याला वाताचे दुखणे ठरवून वेदनाशामक गोळ्या सुरू होतात. लाजेपायी जुन्या दारूचा उल्लेख डॉक्टरांजवळ टाळला जातो. सगळ्या गल्लीला माहीत असलेली हकीगत केसपेपरवर तेवढी उतरत नाही, आणि तिच्यावाचून खुब्याचा संशय येण्यास विलंब होतो. साधा एक्स-रे या अवस्थेत पुष्कळदा निर्दोष दिसतो, एमआरआयमध्ये मात्र विकार दिसून येतो. आणि गोळा खचण्यापूर्वी तो सापडला, तर हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची लहान शस्त्रक्रिया करून नैसर्गिक सांधा वाचविण्याचा प्रयत्न करता येतो.