संभाषणातील स्त्री-पुरुष भेद : स्वभाव की स्थान?

स्त्रिया आणि पुरुष वेगळ्या पद्धतीने बोलतात, असे आपण नेहमी ऐकतो. या उपघटकात त्या विधानाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी प्रथम दोन प्रकारचे भेद वेगळे करून घेऊ.

(अ) व्याकरणिक भेद : प्रमाण मराठीत पुरुष ‘मी आलो’ म्हणतो, स्त्री ‘मी आले’ म्हणते. येथे वक्त्याला निवड नसते. मात्र ‘मी पत्र लिहिले’ किंवा ‘मी उद्या येईन’ या वाक्यांवरून वक्त्याचे लिंग कळत नाही. म्हणजे हा भेद काही क्रियारूपांपुरताच मर्यादित आहे.

(आ) व्यवहारातील भेद : पारंपरिक कुटुंबात पती पत्नीला ‘अगं’ म्हणून एकेरीत हाक मारतो, पत्नी त्याला ‘अहो’ म्हणते. एकेरी आणि आदरार्थी ही दोन्ही रूपे व्याकरणाने दोघांनाही दिलेली आहेत. त्यांची वाटणी केली ती समाजाने. आपल्याला प्रामुख्याने या दुसऱ्या भेदाचा विचार करावयाचा आहे.

रॉबिन लॅकॉफ यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लँग्वेज अँड वुमन्स प्लेस’ या पुस्तकात इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकी स्त्रियांच्या भाषेची काही वैशिष्ट्ये सांगितली. विधानाला प्रश्नाचे शेपूट जोडणे, मत सौम्य करून मांडणे, अधिक विनयशील असणे ही त्यांपैकी काही होत. मराठीत ‘हो ना?’, ‘मला आपलं वाटतं’ हे प्रयोग आठवून पाहा. त्याच वर्षी झिमरमन आणि वेस्ट यांनी स्त्री-पुरुषांची ११ संभाषणे तपासली. त्यांत दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडल्याचे ४८ प्रसंग आढळले. पैकी ४६ वेळा तोडणारा पुरुष होता. नमुना लहान होता आणि पुढील अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

मग हा भेद स्वभावाचा मानावा काय? ओबार आणि अ‍ॅटकिन्स यांनी १९८० मध्ये अमेरिकेतील न्यायालयीन साक्षींचा अभ्यास मांडला. तज्ज्ञ म्हणून साक्ष देणाऱ्या स्त्रीच्या बोलण्यात लॅकॉफ यांनी सांगितलेली वैशिष्ट्ये कमी होती; सामाजिक स्थान दुय्यम असलेल्या काही पुरुषांच्या बोलण्यात मात्र ती भरपूर होती. म्हणजेच ज्याला आपण ‘बायकी बोलणे’ म्हणतो, ते बऱ्याच अंशी दुय्यम स्थानावरून केलेले बोलणे असते. शिवाय एकाच रूपाची कार्ये अनेक असतात. वर्गात शिक्षक ‘समजलं ना?’ म्हणतात, तेव्हा तो संकोच नसतो. ते विद्यार्थ्यांना बोलण्यास वाव देत असतात.

हा मुद्दा केवळ परीक्षेपुरता नाही. ग्रामसभेत एखादी सदस्या अर्ध्या वाक्यावर थांबते आणि ‘बायकांना सभेत बोलता येत नाही’ असा शेरा मारला जातो. भाषेच्या अभ्यासकाने अशा वेळी एक प्रश्न विचारला पाहिजे : ती थांबली, की तिला थांबवले गेले?

स्वाध्याय : आपल्या घरातील किंवा कार्यालयातील दहा मिनिटांचे संभाषण, संबंधितांच्या संमतीने, ऐकून नोंदी करा. कोणी कोणाचे बोलणे तोडले? विषय कोणी बदलला? त्यात आपण स्वतः किती वेळा होता, हेही प्रामाणिकपणे लिहा.