दुष्काळात झाडाच्या खोडात काय घडते?

झाशीच्या परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. तांबडी माती उथळ असून तिच्याखाली ग्रॅनाइटचा कठीण खडक आहे. वर्षाकाठी 800 ते 900 मिलिमीटर पाऊस पडत असला तरी ओल फार काळ टिकत नाही. येथे 1988 मध्ये स्थापन झालेल्या, आता केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने दुष्काळातील झाडाचे मरण हा बांधावरचा प्रश्न आहे.

झाडात पाणी वर ढकलणारा पंप नसतो. पर्णरंध्रांतून बाष्प बाहेर पडते आणि त्या ओढीने मुळांपासून शेंड्यापर्यंत जलवाहिन्यांतील पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो. जमीन कोरडी होऊ लागली की मातीचे कण पाणी सहजी सोडत नाहीत आणि ओढ वाढत जाते. कोरड्या दिवसांत 2 मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 20 पट ताण झाडे सोसतात. प्रत्येक जातीची सहनशक्ती ठरलेली असते. ती ओलांडली की सूक्ष्म छिद्रांवाटे हवा आत ओढली जाते, स्तंभ तुटतो व ती वाहिनी निकामी होते. मग उरलेल्या वाहिन्यांवरील ताण वाढतो आणि हे लोण पसरत जाते. 2012 मध्ये जगातील 81 ठिकाणच्या 226 वृक्षजातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे 70 टक्के जाती या धोक्याच्या रेषेच्या अगदी जवळ जगतात आणि त्यांत भरपूर पावसाच्या प्रदेशातील झाडेही आहेत.

पळस, मोह, साग उन्हाळ्यात पाने गाळतात, ती पाण्याचा खर्च थांबवून खोड वाचवण्यासाठी. निष्पर्ण झाड मेले असे समजून त्यावर कुऱ्हाड चालवण्याची घाई खेड्यापाड्यांत सर्रास दिसते. ती महागात पडते. याउलट हिरवे दिसणारे झाडही सुरक्षित असतेच असे नाही. पर्णरंध्रे दीर्घकाळ मिटलेली राहिल्यास अन्ननिर्मिती मंदावते, साठा आटतो आणि खोडकिडीला प्रतिकार उरत नाही. म्हणूनच अनेक झाडे दुष्काळ संपल्यानंतर, पुढच्या वर्षी वाळतात.

उपाय खोडापेक्षा जमिनीत अधिक आहेत. झाशी जिल्ह्यातील परासई-सिंध पाणलोटात या संस्थेने इक्रिसॅटच्या सहकार्याने जुन्या 'हवेली' पद्धतीचे पुनरुज्जीवन केले. पावसाळ्यात बांध घातलेल्या शेतात पाणी साठवायचे, ते मुरू द्यायचे आणि नंतर रिकाम्या झालेल्या ओल्या जमिनीत रब्बीचे पीक घ्यायचे, अशी ती पद्धत. मुरलेल्या पाण्याचा लाभ विहिरींना झाला. खोल मुळांच्या झाडांनाही अशीच ओल हवी असते. नव्या रोपांना रोज थोडे पाणी दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. त्यापेक्षा अंतराने भरपूर पाणी द्यावे, बुंध्याभोवती आच्छादन करावे आणि गवत काढावे. शेतातील झाडांच्या खालच्या फांद्या छाटल्यास पानांची मागणी घटते व पिकालाही उजेड मिळतो. मात्र ताणात असलेल्या झाडाची जबर छाटणी टाळावी.

झाड जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास ती फांदी जिवंत आहे. शेंड्याकडे थर तपकिरी व कोरडा असल्यास हीच चाचणी बुंध्याकडे सरकत करावी आणि हिरवा थर सापडेल तेथून किंचित वर कापावे. हा थर बुंध्यापर्यंत कुठेच नसला, तरी साग व पळस मुळांवरून फुटू शकतात. त्यामुळे पुढचा पावसाळा सरेपर्यंत बुंधा उपटू नये.