गळा आपला, तबकडी कोणाची?

मागच्या भीमजयंतीनंतर आठवड्याभराने धुळ्यातील एका वस्तीत गाण्यांचा कार्यक्रम होता. निमंत्रण आले म्हणून मी जळगावहून गेलो. मंडप, खुर्च्या, पुढे सतरंजीवर बसलेली लेकरे, बाजूला बॅन्जो, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कॅसिओ. सारे नेहमीप्रमाणेच. तीन भीमगीते झाली. मग ऑर्केस्ट्रातील एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी पुढे आली. ढोलकीवाल्याला तिने थांबायला सांगितले, मोबाइलची वायर मिक्सरला जोडली आणि डोळे मिटून उभी राहिली.

मोबाइलमधून यंत्राचा ठेका सुरू झाला. त्यावर पुंगीसारखा लांबट सूर, आणि त्यावर तिचा आवाज. शब्द अहिराणी, तिचे स्वतःचे. गाणे पहाटे चटईच्या कारखान्यात निघालेल्या बापाचे होते. पुढच्या रांगेतील म्हाताऱ्यांना टाळ्या वाजवाव्यात की नाही तेच कळेना. पण मागे उभी असलेली पोरे पुढे सरकली. मलाही अर्धे समजले, अर्धे नाही, पण अंगावर काटा आला हे मात्र खरे.

जेवताना तिची आणि तिच्या वडिलांची ओळख झाली. ते जळगावच्या एमआयडीसीत चटई कारखान्यात कामाला आहेत. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मुलगी म्हणाली, "सर, मला असंच गाणं करायचंय. बाहेरच्या देशात जाऊन करायचंय. आपल्याकडची कोणी बाई गेलीय का हो असं करायला?" आप्पा ताटावरून मान न उचलता म्हणाले, "गाणं म्हणीसन पोट भरस का, सर?"

दोन्ही प्रश्न मला विचारलेले, आणि दोहोंचेही उत्तर माझ्याजवळ नव्हते. रात्रीच्या एसटीने परत निघालो. पारोळा गेले आणि एक नाव आठवले. आशा पुथली.

हे नाव आपल्या घरांत कोणी ऐकलेले असण्याची शक्यता कमीच. या बाई मुंबईत १९४५ साली जन्मल्या आणि तिथेच वाढल्या. शास्त्रीय गाण्याचे शिक्षण घेतले, पण कान रेडिओला. रेडिओवर अमेरिकेतील जॅझ लागे, ते ऐकत त्या मोठ्या झाल्या. पुढे विमानात हवाई सुंदरी म्हणून नोकरी केली. नृत्याची शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्कला मार्था ग्रॅहम यांच्या शाळेत गेल्या. त्याआधी मुंबईत वेद मेहता या अंध लेखकाची त्यांच्याशी भेट झाली होती. त्यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतावरील इंग्रजी पुस्तकात या जॅझ गाणाऱ्या मुलीविषयी लिहिले. ते नाव जॉन हॅमंड यांच्यापर्यंत पोहोचले. बिली हॉलिडेसारख्या काळ्या गायिकेला पहिल्यांदा तबकडीवर आणणारे ते हेच हॅमंड.

आता इथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. आशा पुथली सुशिक्षित, सुस्थितीतल्या घरच्या. इंग्रजी त्यांना लहानपणापासून येत होते. एका लेखकाने पुस्तकात लिहावे आणि ते न्यूयॉर्कच्या माणसाने वाचावे, असे दार चटई कारखान्यातील कामगाराच्या मुलीला कोण उघडणार? म्हणून "बघ, त्या गेल्या, तूही जाशील" असे मी त्या मुलीला सांगणार नाही. पण पुढची हकिकत तिने ऐकण्यासारखी आहे.

न्यूयॉर्कमध्ये आशाबाईंना पहिले मोठे काम मिळाले ते ऑर्नेट कोलमन यांच्याकडे. कोलमन हे काळे सॅक्सोफोनवादक, टेक्सासमधील फोर्ट वर्थचे. उमेदवारीच्या काळात लॉस एंजेलिसला लिफ्ट चालवण्याची नोकरी करीत आणि मोकळ्या वेळात संगीताचा अभ्यास करीत. त्यांचे वाजवणे इतके निराळे की सुरुवातीला लोक त्यांना मंचावरून उतरवीत. अशा माणसाला मुंबईच्या मुलीचा गळा भावला. १९७१ मध्ये मुद्रित झालेल्या त्यांच्या 'सायन्स फिक्शन' या तबकडीत आशाबाईंची दोन गाणी आहेत. हिंदुस्थानी पद्धतीने सूर घोळवणारा गळा आणि काळ्या माणसाचा बंडखोर बाजा असा तो मेळ होता. ज्या वर्षी आपल्याकडे अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली, त्याच १९७२ साली ही तबकडी बाजारात आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला आपले सुचले म्हणून लिहिले.

पुढे सीबीएस कंपनीने त्यांच्या नावाने तबकड्या काढल्या. पहिली १९७३ ची, लंडनमध्ये तयार झालेली. तिसरी १९७६ ची, जर्मनीत झालेली. या तिसरीत 'स्पेस टॉक' नावाचे एक गाणे आहे. नाचायला लावणारा ठेका, वर तरंगणारे सूर आणि बाईंचा कुजबुजल्यासारखा आवाज. ज्याला आज इलेक्ट्रॉनिक पॉप म्हणतात त्याची चाहूल त्यात लागते. ते ऐकताना मला धुळ्याच्या मंडपातील तो लांबट सूर आठवला. पन्नास वर्षांचे अंतर, पण जात एकच. इथे 'जात' हा शब्द वापरला याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. गाण्यापुरताच वापरला आहे.

हे गाणे न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्क्युसो नावाचा माणूस आपल्या राहत्या जागेत वाजवीत असे. तो लहानपणी अनाथाश्रमात राहिलेला. त्याच्या घरच्या नाचाला काळे, पोर्टोरिकोचे, ज्यांना इतरत्र दारातच अडवीत असे सगळे येत. तिथे दारू विकली जात नसे. अशा घरात मुंबईच्या बाईचे गाणे पहाटेपर्यंत चाले.

मग १९९७ साल उजाडले. ब्रुकलिनचा काळा रॅपर नोटोरियस बी.आय.जी. मार्चमध्ये गोळ्या घालून मारला गेला आणि त्याच महिन्यात त्याचा शेवटचा संग्रह बाजारात आला. त्यातील एका गाण्यात 'स्पेस टॉक'चा तुकडा घेतलेला आहे. जुन्या मुद्रणातला तुकडा कापून नव्या गाण्याखाली घालणे, याला सॅम्पल म्हणतात. एकवीस वर्षांपूर्वीचे गाणे अशा रीतीने अमेरिकेच्या घराघरांत वाजले. ऐकणाऱ्या लाखोंपैकी किती जणांना गाणारीचे नाव ठाऊक होते, हा प्रश्नच आहे.

पण बाई थांबल्या नाहीत. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्या पुन्हा गायल्या. २०२२ मध्ये त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह ब्रिटनमधल्या मिस्टर बोंगो या छोट्या कंपनीने काढला. त्याच वर्षी रवीना या अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या तरुण गायिकेने आपल्या संग्रहात त्यांना सोबत घेऊन एक गाणे केले. वय तेव्हा सत्त्याहत्तर.

आता आप्पांच्या प्रश्नाकडे वळू. पोट भरते का? गाणे गाजणे आणि गाण्याने पोट भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक कागद असतो. शब्द लिहिणाऱ्याचा हक्क निराळा, चाल बांधणाऱ्याचा निराळा, गाणाऱ्याचा निराळा आणि मुद्रण ज्याच्या मालकीचे त्याचा निराळा. जुन्या तबकडीतील तुकडा कोणी घेतला तर परवानगी मागायची ती मुद्रणाच्या आणि चालीच्या मालकाकडे. गळा तुमचा असला तरी मालक तुम्ही असालच असे नाही.

हे दुसऱ्या एका खटल्यात जगाने पाहिले. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातील बप्पी लाहिरींच्या चालीचे, लताबाईंनी गायलेले एक गाणे २००२ मध्ये अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स नावाच्या गायिकेच्या गाण्यात परवानगीशिवाय घातले गेले. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेले. बप्पीदांचे नाव छापल्याशिवाय तबकडी विकू नये असा आदेश २००३ मध्ये निघाला. नाव मिळवायलाही कोर्ट चढावे लागले!

आपल्या देशात २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा सुधारला गेला. चित्रपटासाठी गीत लिहिणारा आणि संगीत देणारा यांचा मानधनातील वाटा त्यामुळे कायमचा विकत घेता येत नाही. गाणाऱ्यांच्या हक्कालाही त्याच सुधारणेत बळ मिळाले. पण ज्या पिढीने कॅसेटच्या जमान्यात पाच-पन्नास रुपयांवर सह्या केल्या, अंगठे उठवले, तिला याचा काय लाभ? आपल्या वस्त्यावस्त्यांतील किती शाहिरांच्या कॅसेट खपल्या आणि किती शाहीर मोडक्या घरात गेले, हे वाचकांना मी सांगायला नको.

परदेशाचे म्हणाल तर आपले लोक गेलेले नाहीत असेही नाही. विठ्ठल उमप १९८३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्कच्या लोककला महोत्सवात गाऊन आले. जालंधरची गिन्नी माही बाबासाहेबांवर आणि संत रविदासांवर पंजाबी पॉप गाते, तीही परदेशांत बोलावली गेली. ओडिशातील कोरापूटचा सुमीत सामोस रॅप गातो. तो २०२१ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला गेला. पैसे कमी पडत होते, ते लोकवर्गणीतून उभे राहिले. गाणे त्याच्यासोबत होतेच, पण दार उघडले ते प्रवेशपत्राने. मला ही वाट अधिक भरवशाची वाटते. कोणाचे मत वेगळे असू शकेल.

शिवाय आता गाणे जाते आणि माणूस घरीच राहतो, असाही काळ आला आहे. आपल्या खान्देशातील 'हाय झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणे २०२२ मध्ये यूट्यूबवर आले आणि खान्देशाबाहेर, अहिराणीचा गंधही नसलेल्या लोकांनी त्यावर नाच केला. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेका बांधता येतो. डिस्ट्रिब्युटर म्हणवणाऱ्या कंपन्या वर्षाची फी किंवा कमाईतील हिस्सा घेऊन गाणे जगभरच्या अ‍ॅपवर पोहोचवतात. यूट्यूबच्या जाहिरातीतील वाटा हवा असेल तर आधी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचे पाहणे लागते, किंवा छोट्या व्हिडिओंचा मोठा आकडा. त्यातून घर चालेल असे आप्पांना मी सांगणार नाही. सुरुवातीला रिचार्जचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

या सगळ्याची जुळवाजुळव करून मी पंधरा दिवसांनी आप्पांच्या घरी गेलो. चहा झाला. मुलगी आतून एक छापील कागद घेऊन आली. आखाती देशात तीन महिन्यांच्या कार्यक्रमांसाठी नेतो म्हणणारा एक माणूस भेटला होता. आधी साठ हजार रुपये द्यायचे. व्हिसा फिरायला जाण्याचा काढायचा. आणि तिकडे गायलेल्या, मुद्रित केलेल्या सर्व गाण्यांचे हक्क त्याच्याकडे. कागद इंग्रजीत होता. आप्पांनी पतपेढीतून कर्ज काढायची तयारीही चालवली होती. आईची पोत विकायची नाही, एवढेच घरात ठरले होते.

आम्ही तिघे ओळीओळीने तो कागद वाचत बसलो. फिरायच्या व्हिसावर जाऊन पैसे घेऊन गाणे म्हणजे सापडल्यास अटक किंवा परत पाठवणी. अमेरिकेसारख्या देशात तर कलाकारासाठी तिथल्या संस्थेने स्वतः अर्ज करावा लागतो. खरे बोलावणारे लोक कागद पाठवतात, आधी पैसे मागत नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यंत्रणेवर नोंदणी असलेल्या एजंटांची नावे पाहता येतात. मुलीने तिथल्या तिथे मोबाइलवर पाहिले. त्या माणसाचे नाव सापडले नाही. दहावीचे प्रमाणपत्र तिच्याजवळ आहे, त्यामुळे तिचा पासपोर्ट ईसीआर शिक्क्याशिवाय निघेल, हेही तेव्हाच ध्यानात आले. आप्पांना त्याचेच जास्त समाधान वाटले. म्हणाले, "मी तिला दहावीनंतर घरी बसवणार होतो. तिच्या आईनं ऐकलं नाही."

मुलगी गप्प होती. तिची आशा मोडली असे मला वाटले. मग तिने विचारले, "सर, माझ्या गाण्याचे शब्द माझे, चाल माझी. पण ठेका मोबाइलवरच्या तयार तुकड्यातला आहे. मग ते गाणं माझं आहे का?"

इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या सॉफ्टवेअरच्या अटी आम्ही उघडल्या. लांबलचक इंग्रजी. तिने आठवीतल्या भावाचा शब्दकोश आणला. दोन तास गेले. तयार तुकडा वापरून केलेले गाणे विकता येईल, पण तो तुकडा एकटा आपला म्हणून विकता येणार नाही, असे त्यात निघाले. तिने वहीत ते मराठीत उतरवून घेतले, खाली तारीख टाकली. मग म्हणाली की ढोलकीवाल्या दादांकडून ठेका वाजवून घेऊन तोच मुद्रित करते, म्हणजे भानगडच नको. दादांनाही त्यात नाव आणि हिस्सा द्यायचा, असे ती स्वतःहून बोलली.

आप्पांनी विचारले, "हिस्सा किती?" त्यावर माय-लेकींत जे भांडण लागले ते मी निघालो तरी चालूच होते.