एका रोजाचे साठ

खोपोलीला जाणारी गाडी पळसदरीला मुख्य मार्गाची साथ सोडते. पुण्याकडची गाडी बोरघाट चढू लागते आणि आपली घाटाच्या पायथ्याशी जाऊन थांबते. कर्जत आणि खालापूर हे तालुके असे घाट आणि खाडी यांच्यामधल्या पट्टीत वसलेले. माणसे इथे दोन्ही बाजूंनी आली आणि येताना आपापला धर्मकायदाही घेऊन आली. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर हा पंथ किनाऱ्यावर उतरला. माहीमचे मखदूम अली माहिमी (मृत्यू १४३१) याच परंपरेतले पंडित. देशावरून, उत्तरेतून पोटासाठी आलेली मंडळी बहुधा हनफी. नमाजाला दोघे एका रांगेत उभे राहतात. फरक कळतो तो कोणी रमजानचा रोजा जाणूनबुजून तोडला म्हणजे.

तोडला म्हटले, सोडला नाही. सूर्यास्ताला खजूर तोंडात टाकतात, ते रोजा सोडणे. आजार नाही, प्रवास नाही, विसरही पडलेला नाही आणि भर दुपारी पाणी प्यायले, तर ते तोडणे. शाफई मताने अशा माणसाने पश्चात्ताप करावा, उरलेला दिवस रोजेदारासारखाच काढावा आणि पुढे एक रोजा भरून द्यावा. ही कझा. हनफी मताने एवढ्याने भागत नाही. कझा आहेच, वर कफ्फारा: लागोपाठ साठ रोजे. मध्ये एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बायकांच्या पाळीचे दिवस तेवढे माफ. शरीराला झेपतच नसेल, तर साठ गरिबांना दोन वेळचे जेवण. बँकेच्या भाषेत कझा म्हणजे थकलेला हप्ता आणि कफ्फारा म्हणजे दंडव्याज. (व्याजाची उपमा त्या कायद्याला रुचणार नाही, पण माझी हयात त्यातच गेली.)

दोघांचा आधार मात्र एकाच हदीसचा. एक माणूस घाबराघुबरा होऊन पैगंबरांकडे आला. रमजानात दिवसा तो पत्नीजवळ गेला होता. गुलाम मुक्त करण्याची त्याची ऐपत नव्हती, सलग दोन महिने रोजे जमणार नव्हते, साठ गरिबांना जेवू घालायलाही घरात काही नव्हते. तेवढ्यात कोणी खजुरांची टोपली आणली. ती वाटून टाक म्हटल्यावर तो म्हणाला, मदिनेत आमच्याहून गरीब घर कुठले? पैगंबर दात दिसेपर्यंत हसले आणि टोपली त्याच्याच घरच्यांना खाऊ घालायला सांगितली. शाफईंनी कफ्फारा त्या एका कृत्यापुरता ठेवला. हनफींनी त्यात रमजानचा अवमान पाहिला आणि मुद्दाम खाण्यापिण्यालाही तोच दंड लावला.

१९८७ साली मी खोपोलीत नोकरीला होतो. रमजान मे महिन्यात आला होता. शाखेतला एक तरुण कारकून, वडील उत्तर प्रदेशातून कारखान्यात आलेले, लग्नावरून बापाशी भांडला आणि शाखेत सर्वांदेखत चहा मागवून प्यायला. बापाच्या जिवाला लागावे म्हणून. संध्याकाळी रागही उतरला आणि तोंडही. आमचे कॅशियर नेरळकडचे कोकणी. ते म्हणाले, "अरे, तोबा कर, एक रोजा ठेव, झालं." रात्री त्याच्या मशिदीतल्या इमामांनी साठ सांगितले. मी विचारले, कॅशियरांचे का ऐकत नाहीस? म्हणाला, "साहेब, रोज नमाज पढतो आमच्या रीतीनं, आणि हिशेब तेवढा त्यांच्या रीतीनं?" कॅशियरांनी मान डोलावली. सोयीचा निकाल मिळेपर्यंत पंथ बदलत राहणे त्यांनाही पसंत नव्हते.

मला तो हिशेब कठोर वाटला, आजही वाटतो. पण त्या पोराला साठच हवे होते. एका दिवसात तो बापासमोर उभा राहू शकला नसता.

कॅलेंडर घेऊन बसले ते कॅशियरच. बकरी ईद आणि तिच्यापुढचे तीन दिवस रोजा निषिद्ध, ते टाळून दिवस लहान असताना, डिसेंबरात त्याने सुरुवात केली. एकोणिसाव्या दिवशी तापाने फणफणला. मोजणी पुन्हा एकपासून, १ जानेवारीला. या खेपेस बाप पहाटे उठून सहरीला त्याच्याबरोबर बसू लागला. बोलणे फारसे नसे म्हणे, पण चहा तोच करी.

१९८८ हे लीप वर्ष. २९ फेब्रुवारीला साठ पुरे झाले. आम्ही पेढे आणायचे ठरवले, तर म्हणाला, "उद्या नको साहेब, परवा आणा. कझाचा एक बाकी आहे."