विंडोज सोडण्याआधी

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले. जुन्या संगणकाला विंडोज 11 पेलत नसेल, तर लिनक्स हा चांगला पर्याय. फायरफॉक्स तिथे आहेच, वर्डऐवजी लिब्रेऑफिस आहे. कोरलड्रॉ मात्र नाही. त्याऐवजी इंकस्केप नव्याने शिकावे लागते.

मध्य प्रदेशातल्या सौंसरात लग्नपत्रिका मराठीत, सरकारी अर्ज हिंदीत. अशा ठिकाणी लिनक्सवर जाताना खरी अडचण मला कृतिदेव फाँटची वाटते. या फाँटमध्ये ‘कमल’ म्हणजे आतून डी, ई, वाय ही रोमन अक्षरे. फाँट नसला की तीच दिसतात. म्हणून जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरे स्वतः तपासा. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून, प्रिंटर लावून पाहा. विंडोज त्यानंतरच पुसा.