महाग तार आणि मधुर स्वर

महाग तार जोडली कीं घरच्या स्टिरिओचा स्वर खुलतो, असें कित्येक सांगतात. आपण हिशेब करूं. स्पीकर ५ मीटर दूर असल्यास विद्युत्प्रवाहास जाण्यायेण्यास १० मीटर तांबें लागतें. तारेचा छेद २.५ चौरस मिलिमीटर असला, तर तिचा रोध सुमारें ०.०७ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढें तो शेंकडा एकाहूनहि कमी. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध मात्र पांचपट. ती बदलणें योग्यच. सैल किंवा गंजलेला सांधाहि दुरुस्त करावा. याहून अधिक द्रव्य वेंचण्यापूर्वीं डोळे झांकून बसावें व दुसऱ्याकडून तारा गुपचूप बदलवाव्या. फरक ओळखतां न आल्यास तें द्रव्य चांगल्या स्पीकरांसाठीं राखावें, असें आम्हांस वाटतें. कानांची साक्ष घेतांना डोळ्यांस किंमत दाखवूं नये.