सड्यावरचं जेट

परुळे-चिपीच्या सड्यावर मे महिन्यात दुपारी उभं राहिलं की खाडी जवळ आहे यावर विश्वास बसत नाही. कातळ तापतो आणि वर हवा थरथरते. तिथेच सिंधुदुर्ग विमानतळाची अडीच हजार मीटरची धावपट्टी आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला प्रवासी सेवा सुरू झाली.

भाड्याचं छोटं जेट इथे सहज उतरेल. कसोटी असते उडताना. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या तुलनेत ३५ अंशांना तिची घनता सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते, वाळवंटातल्या ४५ अंशांना नऊ टक्क्यांहून जास्त. पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी. म्हणून धाव लांबते. धावपट्टी आखूड असेल, तर वैमानिक इंधन किंवा माणसं कमी करतो. म्हणूनच जैसलमेरसारख्या ठिकाणी पहाटेचं उड्डाण सोयीचं.

आणि भाडं? ते सहसा तासांवर. विमान मुंबईला मुक्कामी असेल, तर रिकामं येण्या-जाण्याचे तासही गिऱ्हाइकाच्याच माथी. आपल्या रिक्षावाल्याचं ‘परतीचं भाडं’च ते, फक्त शून्यं जास्त!